डावीकडून आलेला गरुड

सुपांग आजीला विमानात पुढेच बसायचं असायचं, पायलटच्या शेजारी. मागे बसलं की पोटात ढवळतं, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण निराळंच. मागे बसून पायलटला सूचना करता येत नाहीत.

आणि पायलट तरी कोण? अगान. तिच्या धाकट्या बहिणीचा, उलाउचा, नातू. त्याची आई लवकर गेली. उलाउ किनाऱ्यावरच्या शहरात धाकट्या मुलाकडे राहायला गेली, म्हणून हे पोर डोंगरातल्या लांबघरात, एका छपराखाली ओळीनं सगळी कुटुंबं राहतात तिथं, सुपांगच्याच चुलीपुढे वाढलं. पानात गुंडाळलेला मऊ भात तिनं त्याला भरवला, त्याचं नाक पुसलं, वेळेला दोन रट्टेही दिले. तो आता पांढरा सदरा घालून विमान चालवतो म्हणून काय तिनं त्याला ‘कॅप्टनसाहेब’ म्हणायचं? भलतंच.

त्यांच्या पा रुआन गावच्या गवती धावपट्टीवर अगानचं छोटं विमान आठवड्यातून दोनदा उतरायचं, आणि गाव त्याला अगदी घरच्या जनावरासारखं राबवायचं. एक म्हणायचा, माझी म्हैस सापडत नाही, त्या टेकडीमागून मला जरा फिरवून आण. दुसरा म्हणायचा, आमच्या शेतावरून ने, बायको कामाला लागलीय का बघतो. आणि हा शहाणा न्यायचा! ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून निघायचाच नाही. त्या डोंगरातल्या केलाबित लोकांच्या घरात पोरांना तेच तर शिकवतात, की वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. अगानला ते सुपांगनं शिकवलं होतं, वेताच्या छडीनं.

त्या दिवशी ती डोळे दाखवायला निघाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. गेली काही वर्षं सगळं जग तिला तांदळाच्या धुवणातून दिसायचं. सवय झाली होती आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायलाही लागलं होतं. माणसांच्या सुरकुत्या दिसत नाहीत, भांडी घासलेली की नाही ते दिसत नाही, सगळं कसं मवाळ. उलाउनं मात्र निरोपांचा मारा केला होता: डॉक्टर ठरवलाय, ये, नाहीतर मीच चालत वर येते.

उन्हाळ्याचे दिवस होते. खाली कुठंतरी रानं जाळलेली, त्यामुळे किनाऱ्याच्या बाजूला हवेत धूर साचलेला. डोंगर मागे पडले आणि विमान त्या पिवळसर धुक्यात शिरलं तसं खालचं जंगल नाहीसं झालं. वर आभाळ नाही, खाली जमीन नाही. सूर्य तेवढा होता, तांब्याच्या ताटलीसारखा, आणि त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येत होतं. इंजिन एका सुरात घुमत होतं. मागच्या बाकावर शाळेचे मास्तर तोंड उघडं टाकून झोपले होते. सुपांगला वाटलं, आपण कुठं जातच नाही आहोत. कुणीतरी आपल्याला हातावर धरून ठेवलंय आणि धूरच आपल्या बाजूनं मागे चाललाय. मेल्यावर असंच असेल तर काही वाईट नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिच्या ओघळलेल्या कानांतली पितळी कडी इंजिनाबरोबर बारीक थरथरत होती.

तेवढ्यात तिला ते दिसलं. डाव्या अंगाला, अगानच्या खांद्यापलीकडे, दूर. धुरात एक काळा ठिपका, त्याला दोन पंख. पंख हलत नव्हते. तो तरंगत होता आणि हळूहळू त्यांच्या वाटेकडे सरकत होता.

सुपांग एकदम सहा-सात वर्षांची झाली. आजोबांच्या मागे ओळीनं सगळे नदीकडे चाललेत, पाठीवर वेताच्या टोपल्या, आणि आजोबा थांबलेत. डावीकडून गरुड वाट कापतोय. कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही! आजोबा हात वर करून त्याला विनवतायत, ‘उजवीकडे ये बाबा, उजवीकडे ये.’ गरुड फिरून उजव्या हाताला आला तर पुढे जायचं, नाहीतर जाळ करायचा, बसून राहायचं, नाहीतर घरी परतायचं. पाखराचं न ऐकता जो पुढे गेला तो परत आला नाही, असं आजोबा सांगायचे.

पुढे गावात चर्च आलं आणि पाखरं सुटली. सुटली म्हणजे काय, सुपांगनंच त्यांना हाकललं म्हणा ना! प्रार्थनेला तिचा आवाज सगळ्यांत मोठा. कुणी आभाळाकडे बघून पाऊल थांबवलं की तिनं त्याला चारचौघांत झापलंच. उलाउशी तर तिनं एकदा आठवडाभर बोलणं टाकलं होतं, का, तर ती पाखरू बघून बाजाराच्या वाटेवरून माघारी आली म्हणून.

आणि आता तीच म्हणाली, “अगान, डावीकडे गरुड आहे.”

अगान मांडीवरचा नकाशा बघत होता. “इतक्या उंचावर गरुड कुठला येणार, आजी?”

“मला शिकवतोस? पंखसुद्धा हलवत नाहीये बघ. आपल्या वाटेत येतोय.”

अगाननं मान वर करून डावीकडे बघितलं. तोवर धुरानं ते गिळलं होतं. “काही नाहीये गं. तुझ्या डोळ्यांतलं काहीतरी असेल.”

“वळव.”

“काय?”

“डावीकडे वळव आणि फेरी मार. म्हणजे तो आपल्या उजव्या हाताला जाईल.”

अगान हसला. “आजी, आता विमानतळ जवळ आलाय. इथं मनाला येईल तसं वळत नाहीत. खाली विचारावं लागतं. काय विचारू? आमच्या आजीला गरुड दिसलाय म्हणून?”

“अगान,” ती म्हणाली.

बस, एवढंच. पण तो आवाज त्याला लहानपणापासून ठाऊक होता. त्या आवाजावर त्यानं झाडावरून खाली उड्या मारल्या होत्या, नदीतून बाहेर येऊन थंडीत उभा राहिला होता. “एकच फेरी हं,” तो पुटपुटला आणि विमान डावीकडे कललं.

पुढचं सुपांगला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं, आणि दरवेळी अगदी सावकाश.

धूर आधी काळवंडला. मग त्यातून एक भिंत निघाली. पांढरी, लांबच लांब, घरासारखी. आपलं लांबघरच हवेतून चाललंय असं तिला वाटलं, दारांची ओळ, एकेका दारात दिवा. तिच्या दुधाळ डोळ्यांना इतकं लख्ख काही वर्षांत दिसलं नव्हतं. एका खिडकीशी एक बाई केस विंचरत होती. पुढच्या खिडकीत एक लहान मूल काचेला तळहात आणि नाक चिकटवून बसलं होतं, आणि ते मूल सुपांगकडे बघत होतं. सुपांगनं त्याच्याकडे बघून हात हलवला. हो, हलवला! माणूस आपल्या दारातून समोरच्या दारातल्या पोराला हलवतो तसा. आवाज काहीच नव्हता. निदान तिला तरी आला नाही.

मग अगान किंचाळला आणि त्यानं विमान खाली लोटलं. पांढरं पोट डोक्यावरून गेलं, त्याची लोंबती चाकं गेली आणि मागोमाग आवाज आला, दरड कोसळावी तसा. हवेनं त्यांना उचलून आपटलं. टोपल्या छताला लागल्या. मास्तर जागे होऊन देवाचा धावा करायला लागले. टोपल्यांतले अननस घरंगळत पुढे आले. अगानच्या हातातलं सुकाणू थडथड उडत होतं आणि तो दातओठ खाऊन ते धरून होता.

विमान सावरलं तेव्हा धूर पुन्हा पहिल्यासारखा पिवळा आणि शांत होता. जणू काही झालंच नाही.

“आजी,” अगान म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “आजी, ते विमान होतं.”

“गेलं ना उजव्या हाताला,” सुपांग म्हणाली.

*

मोठ्या विमानाच्या पायलटनं तक्रार केली. करणारच! दीडशे माणसं घेऊन तो उतरत होता आणि नाकासमोर हे चिलट. उतरल्या उतरल्या अगानला विमान उडवायला बंदी झाली आणि चौकशी लागली.

सुपांगच्या एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. पट्टी काढली तेव्हा उलाउ समोर उभी होती.

“अगं बाई,” सुपांग म्हणाली, “किती म्हातारी झालीस तू!”

“आणि तू काय कोवळी राहिलीस?” उलाउ म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

सुपांगनं तिला सगळं सांगितलं. गरुडाचं सांगताना तिचा आवाज खाली गेला. उलाउ ओंजळीत तोंड खुपसून इतकी हसली की तिला ठसका लागला. “देवा रे! पाखरावरून मला आठवडाभर छळलंस, आणि आता स्वतः आभाळात जाऊन पाखरं बघतेस?”

“हसू नकोस. पोराच्या पोटावर आलंय.”

तिसऱ्या प्रहरी दोघी समुद्राकडेच्या ओट्यावर बसायच्या. विमानं तिथूनच उतरायची. नव्या डोळ्यानं सुपांग त्यांच्याकडे बघत राहायची. लांब असताना काळा ठिपका, न हलणारे पंख, आणि बघता बघता मोठा होत जाणारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. तो गरुड नव्हताच. तिनं जे पाहिलं होतं ते तेच विमान होतं. सगळ्यांच्या आधी तिला दिसलं होतं. ‘काहीतरी येतंय’ एवढंच म्हणाली असती तर अगाननं डोळे फाडून बघितलं असतं, खाली विचारलं असतं, सरळ गेला असता आणि ते मागून निघून गेलं असतं. तिनं त्याचा गरुड केला आणि पोराला त्याच्या तोंडात नेलं.

अगान संध्याकाळी आला, डोळे सुजलेले. “आजी, उद्या तुला बोलावलंय. पुढच्या सीटवर तू होतीस ना. मी सांगितलंय की समोर काळा ढग आला म्हणून मी वळलो. ढग आला तर पायलटला वळावंच लागतं. थोडी कानउघाडणी होईल आणि सोडतील. तू फक्त हो म्हण.”

“ढग नव्हता.”

“माहीत आहे गं! पण गरुडासाठी वळलो म्हणालो तर मला परत कोण विमान देईल?” त्यानं तिचे पाय धरले. “तुझ्या पाया पडतो. एवढं एकदा.”

सुपांगनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण हो म्हणाली नाही.

चौकशीच्या खोलीत पंखा गरगरत होता. नोरीदाबाई नावाच्या अधिकारी टेबलामागे होत्या, डोक्याला निळा रुमाल, बोलणं मऊ. त्यांनी सुपांगला चहा दिला, खुर्ची पुढे सरकवून दिली.

“आजी, समोर ढग होता का?”

अगान भिंतीशी उभा होता. त्याचे ओठ हलत होते. सुपांगला काचेला नाक चिकटवलेलं ते मूल दिसलं. तिला या पोरावर जिवापाड माया होती आणि त्याला वाचवायचा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. पण तिला पुढचंही दिसत होतं. हा परत उडेल. परत कुणीतरी म्हैस हरवलेला म्हातारा शेजारी बसेल.

“नव्हता,” ती म्हणाली. “मी त्याला वळ म्हणाले. मला गरुड वाटला. तो नको म्हणत होता. मी दटावलं.”

नोरीदाबाईंनी अगानकडे बघितलं. “तू नाही म्हणू शकत नव्हतास?”

“आजी आहे ती माझी,” अगान म्हणाला.

“पुढच्या वेळीही कुणाची तरी आजी असेलच. तेव्हा काय करशील?”

अगान खाली बघत राहिला. सगळी खोली त्याच्या उत्तराची वाट बघत होती. सुपांग मनातल्या मनात ओरडत होती, म्हण रे, नाही म्हणेन म्हण! पण ‘नाही’ म्हणायला त्याला तिनंच कधी शिकवलं नव्हतं.

परवाना गेला. वर्षभर. त्यानंतर पुन्हा शिकवणी आणि पुन्हा परीक्षा, अगदी पहिल्यापासून.

बाहेर आल्यावर अगान एवढंच म्हणाला, “तू मला जमिनीत गाडलंस, आजी.” आणि तो निघून गेला.

*

अगान परत आला तो वर्ष उलटून गेल्यावर, पावसाळ्यात. परीक्षा झाली होती, परवाना मिळाला होता, कंपनीनं तेच जुनं विमान पुन्हा हातात दिलं होतं. तो सुपांगकडे आला नाही. धावपट्टीवरच माल उतरवायचा आणि निघून जायचा. गावातली माणसं त्याला काही सांगायला गेली की तो ऐकून घ्यायचा आणि आपल्याच कामाला लागायचा. कसला बदलला हा, माणसं म्हणायची. सुपांग लांबून बघायची. आता तिला दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसत होतं. तो वाळला होता ते दिसत होतं.

एका सकाळी चर्चच्या बिनतारी यंत्रावर निरोप आला. उलाउला छातीत दुखायला लागलंय. दवाखान्यात आहे, शुद्ध येते-जाते. शुद्धीवर आली की सुपांगला बोलवा म्हणते.

सुपांग होती तशी पळत सुटली. चिखलात तिची चप्पल निघाली, ती तशीच राहिली. अगानचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि तो पंखाखाली उकिडवा बसला होता. निरोप त्यालाही कळला होता.

“चल,” ती म्हणाली. “ऊठ, चल.”

त्यानं दरीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिथं दरी नव्हती. दोन डोंगरांच्या मध्ये ढग कापसासारखा ठासून भरला होता, आणि गावातून बाहेर पडायची वाट तेवढीच. धुकं गवतावरून हळूहळू सरपटत त्यांच्याकडे येत होतं. म्हशी त्यात गुडघ्यांपर्यंत बुडून चरत होत्या.

“उघडला की निघू,” अगान म्हणाला.

“कधी उघडेल?”

“माहीत नाही.”

“तोवर ती राहील का? तू ह्या दरीतून डोळे मिटून जाशील, मला ठाऊक आहे. चल.”

“नाही, आजी.”

तिला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. “काय म्हणालास?”

“नाही.”

मग सुपांगचं भान सुटलं. ती त्याला वाट्टेल ते बोलली. कृतघ्न म्हणाली, भित्रा म्हणाली, तुला वाढवलं तोच दिवस जळो म्हणाली. “तुझी सख्खी आजी आहे रे ती! तिचंच रक्त आहे तुझ्यात!”

“माहीत आहे,” अगान म्हणाला. त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं त्याच्या छातीवर मुठी मारल्या. तो मागे सरला नाही, त्यानं तिचे हातही धरले नाहीत.

“अगान,” ती म्हणाली. त्याच आवाजात.

त्याचे खांदे हलले. क्षणभर तो दाराच्या कडीकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. “नाही.”

धुकं त्यांच्यापर्यंत पोचलं. विमान दिसेनासं झालं, म्हशी दिसेनाशा झाल्या. सुपांग ओल्या गवतावर बसली आणि तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, अगान बसला. दोघं दिवसभर तिथंच बसून होती. कुणीतरी भात आणून ठेवला. मधूनच तिला वाटायचं उलाउ हाक मारतेय, त्या पांढऱ्यातून, अगदी जवळून, लहानपणी नदीवर मारायची तशी. ती ओ द्यायची. अगान मान वळवून बघायचा. ढग एकदाही उघडला नाही.

दिवस कलला तेव्हा चर्चमधून पास्टर आले. त्यांच्या चालण्यावरूनच तिला कळलं.

ते सांगून गेले. मग अगाननं विचारलं, आणि त्याचा आवाज पुन्हा चुलीपुढच्या त्या पोराचा झाला होता, “आजी, मी चुकलो का गं?”

हो म्हणावंसं तिला किती वाटलं म्हणून सांगू! तिच्या जिभेवर तोच एक शब्द होता. रागानं आणि दुःखानं तिला त्याचं तोंड बघवत नव्हतं. बहीण तिला शोधत शोधत गेली होती. आणि सुपांगला हेही कळत होतं की आपण हो म्हटलं तर हा ते खरं मानेल, आयुष्यभर मानेल, आणि पुढच्या खेपेला कुणाच्या तरी शब्दासाठी विमान त्या ढगात घालेल.

“नाही,” ती म्हणाली.

तेवढं बोलायला तिला फार ताकद लागली. मग तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि उलाउचं नाव घेऊन मोठ्यानं रडली.